मधल्या आळीतलं तिसरं दार

"कोणाच्याही घरात घुसायचं, मडकी फोडायची, पेटीतलं सोनं खिशात घालायचं, आणि घरमालक समोर उभा राहून म्हणतो, 'स्वागत असो, वीरा!'" स्टॅनी तावातावाने बोलत होता. "ऐंशी तास खेळलो मी तो गेम. बर्फाचं एवढं मोठं राज्य, पण एकही माणूस मला 'नाही' म्हणाला नाही. दहापैकी चार मार्क."

क्लेमेंट अंकलने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "स्टॅनी, आपण नाताळच्या गोठ्याबद्दल बोलतोय."

"मी पण त्याच्याचबद्दल बोलतोय, अंकल."

मी कपाळाला हात लावला. माझा हा धाकटा भाऊ. वय चव्वेचाळीस, वसईच्या एका नर्सिंग होममध्ये एक्स-रे काढतो, आणि घरी आला की हातपाय धुऊन गेम खेळायला बसतो. तेही गोळ्या घालायचे नव्हे. त्याला लागतात ते लांबलचक गोष्टींचे गेम, ज्यांत आपणच एक पात्र व्हायचं आणि गावोगाव हिंडायचं. त्यांची नावं मला लक्षात राहत नाहीत. सगळ्यांत राख नाहीतर राज्य असतं. एक गेम संपला की आठवडाभर त्याच्यावर स्टॅनीचं मत ऐकायचं. मी ऐकते, मासळीवाली ऐकते, मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात जो सापडेल तो ऐकतो. शाळेत मुलं मला विचारायची, "टीचर, तुमचे भाऊ गेमर आहेत ना?" मी सांगायची, "ते एक्स-रे काढतात. पाढे म्हण."

आम्ही दोघंही बिनलग्नाची, आईवडिलांच्या मागे एकमेकांच्या उरावर बसलेली. घरात आम्ही आमच्या बोलीत भांडतो. ती इथे लिहिली तर तुम्ही दर ओळीला अर्थ विचाराल, म्हणून सरळ मराठीत सांगते.

तर त्या संध्याकाळी वसईजवळच्या गिरीज गावातल्या आमच्या मधल्या आळीची बैठक क्लेमेंट अंकलच्या ओट्यावर भरली होती. नाताळात आमच्याकडे प्रत्येक आळीचा गोठा असतो. बेथलेहेमचा डोंगर, मेंढरं, तारा, आणि मधे गवतावर बाळ येशू. परीक्षक येऊन बघतात, बक्षीस देतात, आणि पुढे आठवडाभर अर्धी वसई-विरार बघायला लोटते. आमच्या आळीचा गोठा म्हणजे क्लेमेंट अंकलचा गोठा. मोटरचा धबधबा, तारेवरून सरकणारा तारा, सायकलच्या चेनवर चालणारे उंट, सगळं अंकलने स्वतःच्या हाताने बनवलेलं. पण गेल्या वर्षी एक उंट मधेच अडकला, नळी फुटली आणि फादरांच्या झग्यावर पाणी उडालं. अंकलचे गुडघे आता वाकत नाहीत. आळीतले तरुण परदेशात नाहीतर बोटीवर. यंदा गोठा करायचाच नाही असं अंकल म्हणाले, आणि तेव्हाच स्टॅनीने तोंड उघडलं.

"मग तुझं काय म्हणणं आहे ते एकदा सांगून टाक," अंकल म्हणाले.

"लोक गोठ्यासमोर येतात, फोटो काढतात, जातात. त्यांना काही करावंच लागत नाही. मरिया आणि योसेफ दारोदार फिरले, त्यांना कोणी जागा दिली नाही, ती गोष्ट कुठे गेली? ती मोटरवर चालत नाही म्हणून आपण सोडून दिली." स्टॅनी उभाच राहिला. "लोकांना चालवू या. तुमच्या केळीच्या वाडीतून. मधे दारं उभी करायची, खरी दारं. लोकांनी ठोठावायचं, आतून आपण नाही म्हणायचं. शेवटी तुमची गाईची शेड. तिथे बाळ."

"आणि हे तू गेममध्ये बघितलंस."

"एका गेममध्ये. दोघा जणांनीच बनवलाय, लहानसा आहे. एक बाई आजारी भावाला घेऊन डोंगर ओलांडते. वाटेत घरं लागतात, पण कोणी आसरा देत नाही. कोणी खोटं बोलतं, कोणी घाबरतं, कोणी आतला दिवाच मालवतं. एक म्हातारा खिडकी उघडतो, पाव देतो आणि खिडकी लावून घेतो. मी रडलो, अंकल. त्याला मी नऊ दिलेत."

हे खरं होतं. तो रडताना मी पाहिलं होतं आणि म्हटलंही होतं, "पाव दिला तर रडायला काय झालं? मटण पाहिजे होतं का?" पण शिक्षिकेची खोड जात नाही. कापलेला मार्क कुठे गेला ते मला कळायला हवं असतं.

"दहावा मार्क कुठे कापलास?" मी विचारलं.

"म्हाताऱ्याने दार उघडलं नाही म्हणून. पण उघडलं असतं तर खोटं वाटलं असतं. दार उघडलं आणि ते खरं वाटलं, असं अजून कोणाला लिहिता आलेलं नाही. म्हणून दहा मी कोणालाच देत नाही."

अंकलने चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "ठीक आहे. या वर्षी तुझ्या मनासारखं. जमलं तर पुढचे गोठे तुझे. फसलं तर मधल्या आळीचा गोठा कायमचा बंद, आणि तू पुन्हा या ओट्यावर गेमचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल," स्टॅनी म्हणाला. घरी येईपर्यंत त्याचे कान लाल होते. मला त्याची दया आली आणि रागही आला. एवढी वर्षं हा माणूस मत देत होता. आज पहिल्यांदा कोणी त्याला म्हणालं होतं की बरं, करून दाखव.

दारं मिळायला त्रास झाला नाही. आळीतली जुनी घरं पाडून स्लॅबची झाली, तेव्हा सागवानी दारं फेकवेनात म्हणून क्लेमेंट अंकलच्या शेडमध्ये येऊन पडलेली. स्टॅनीने तीन निवडली. सुट्टी काढून केळींच्या रांगांमधे चौकटी उभ्या केल्या, चुना मारला, वाटेवर भाताचा पेंढा पसरला.

पहिलं दार क्लेमेंट अंकलचं. "मला नाटकं जमत नाहीत," असं आठवडाभर म्हणून शेवटी त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरीचा आवाज काढला: "मीटिंगमध्ये ठराव घ्यावा लागेल. पुढच्या महिन्यात या." दुसरं दार माझं. मी लॉजची मालकीण. "आधारकार्ड? लग्नाचं सर्टिफिकेट? नाही? मग रस्ता सुधारा!" इतकी वर्षं वर्गावर ओरडले त्याचं चीज झालं.

तिसऱ्या दारामागे स्टॅनीने जुलियाना मावशीला बसवायचं ठरवलं, तेव्हा मी त्याला वेड्यात काढलं.

जुलियाना मावशी आमच्या शेजारची. नवरा वारला, मुलगा एरॉल कॅनडात. त्याने आईला स्लॅबचं घर बांधून दिलं, लोखंडी सेफ्टी डोअर बसवलं, दाराला बघायचं भोक ठेवलं. मावशी त्या भोकातून कधीच बघत नाही, कारण दार दिवसभर उघडंच असतं. मीटर बघायला आलेल्या माणसाला चहा, कुरियरवाल्याला केळी, वाट चुकलेल्याला जेवण. आमच्या लहानपणी तर आई घरात नसली की शाळेतून सरळ मावशीकडे जायचं, हे ठरलेलंच होतं.

"तीच पाहिजे," स्टॅनी म्हणाला. "जिने कधी कोणाला नाही म्हटलं नाही तिने नाही म्हटलं, तरच माणसाला लागेल. आणि ते दारही तिच्याच जुन्या घराचं घेतलंय मी. आळीतल्या प्रत्येकाला ते दार ओळखू येतं."

"तिला विचारलंस का?"

विचारलं होतं. मावशीने दारावर हात फिरवला, खालच्या फळीवरचा एरॉलने लहानपणी खिळ्याने कोरलेला मासा पाहिला आणि म्हणाली, "माझं दार! मला वाटलं भंगारात गेलं." मग स्टॅनीने तिला वाक्य शिकवलं: "जागा नाही. पुढे जा." रंगीत तालमीत तिने ते नीट म्हटलंसुद्धा. फक्त प्रत्येक वेळी म्हणून झाल्यावर फळीच्या फटीतून विचारायची, "फार जोरात बोलले का रे? राग नाही ना आला?"

परीक्षक आले त्या संध्याकाळी वाडीच्या तोंडाशी बरीच माणसं जमली होती. तीन परीक्षक होते: दुसऱ्या चर्चच्या धर्मग्रामातले एक फादर, एक चित्रकलेचे सर आणि स्पर्धेच्या मंडळातल्या एक बाई. क्लेमेंट अंकल म्हणाले, परीक्षकांना आधी वेगळं आत न्यावं. स्टॅनी अडून बसला. "वेगळं नेलं तर त्यांच्यासाठी सगळी दारं उघडीच झाली की. जे पुढे उभे आहेत त्यांच्याबरोबर जाऊ दे."

पुढे उभं होतं विरारच्या फुलपाड्याहून आलेलं एक जोडपं. दरवर्षी गोठे बघायला येणाऱ्यांपैकीच. नंतर कळलं, त्याचं नाव जितेश आणि तिचं स्वप्ना. स्टॅनीने जितेशच्या हातात कंदील आणि काठी दिली, नियम सांगितला: इतर काही बोलायचं नाही, फक्त ठोठावायचं आणि जागा मागायची; बाकीच्यांनी कंदिलाच्या मागे जायचं. मग तो धावत पुढे शेडमध्ये गेला. बाळाच्या डोक्यावरचा दिवा लावायचं बटण त्याच्याकडे होतं. घाईत त्याने स्वप्नाकडे धड पाहिलंच नाही. मी मात्र माझ्या दाराच्या फटीतून पाहिलं. बाईचं पोट चांगलं पुढे आलेलं. सातवा तरी असावा.

आता मी काय करणार? माझं वाक्य ठरलेलं. पहिल्या दारावर अंकलचा ठराव ऐकून सगळे हसत आले होते. माझ्या दाराशी जितेशने ठोठावलं, "बाई, रात्रीपुरती जागा मिळेल का?" मी ओरडले, "लग्नाचं सर्टिफिकेट?" फादर हसले, पण स्वप्ना हसली नाही. ती चौकटीला धरून उभी होती, तिच्या कपाळावर घाम होता. मी आवाज खाली आणून म्हटलं, "रस्ता सुधारा." ते पुढे गेले तशी मी माझं दार सोडून त्यांच्या मागे निघाले.

तिसऱ्या दाराशी कोणी हसत नव्हतं. जितेशने ठोठावलं.

"जागा नाही," आतून मावशीचा आवाज आला. अगदी शिकवल्यासारखा. "पुढे जा."

स्टॅनीचं खरं होतं. इतकी वर्षं ओळखीचा आवाज, ओळखीचं दार, आणि हे वाक्य. मला आईची आठवण आली. चित्रकलेच्या सरांनी वहीत काहीतरी लिहिलंसुद्धा. मी मनात म्हटलं, शाब्बास रे स्टॅनी, जिंकलास.

जितेश पुढे वळला. स्वप्ना मात्र जागची हलली नाही. "आजी," ती हळूच म्हणाली, "गेम आहे माहितेय मला. पण खरंच दोन मिनिटं बसू का? पाय खूप भरून आलेत."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग कडी वाजली आणि तिसरं दार उघडलं.

"अगं माझे बाई!" मावशी दारात उभी. "कितवा महिना? आणि हा बाप्या तुला पेंढ्यातून चालवतोय? ये, आत ये."

आत म्हणजे काय, दारामागे पुन्हा केळीच होत्या. एक प्लास्टिकची खुर्ची आणि मावशीची शाल. पण मावशीने स्वप्नाला खुर्चीत टेकवलं, शाल पांघरली, पाणी पाजलं आणि मग हाताला धरून वाडीच्या मागच्या वाटेने थेट आपल्या स्वयंपाकघरात नेलं. मागे जितेश कंदील घेऊन. त्याच्या मागे फादर, सर आणि मंडळाच्या बाई, कारण कंदिलाच्या मागे जायचं असा नियम होता. मी बोंब ठोकली, "मावशी, अगं शेड तिकडे!" कोण ऐकतंय! पाच मिनिटांत स्वप्ना पाय वर घेऊन बसलेली, फादरांच्या हातात चहा, आणि मंडळाच्या बाई नेवऱ्यांत, म्हणजे आमच्या नाताळच्या करंज्यांत, खोबरं किती घालतेस ते मावशीला विचारत होत्या.

मग बाईंनी घड्याळ पाहिलं. पुढच्या गावचा गोठा राहिला होता. गाडीत बसता बसता फादर थांबले. "हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

भावाबद्दल कोणी विचारलं की शाळेत, नातेवाइकांत, लग्नाकार्यात 'तो एक्स-रे काढतो' हे एकच उत्तर मी देत आले होते, आणि तेच तोंडावर आलं होतं. पण मी म्हटलं, "माझ्या भावाने, फादर. तो गेम खेळतो." आणि छाती काढून उभी राहिले.

गाडी गेली आणि माझी छाती खाली बसली. बाळ कोणी पाहिलंच नव्हतं. मी शेडकडे धावले. स्टॅनी अंधारात पेंढ्यावर उकिडवा बसला होता, बटणावर बोट ठेवून.

"आले का?" तो कुजबुजला.

"गेले," मी म्हटलं. "मावशीने दार उघडलं. सगळे तिच्या घरी चहा पिऊन गेले. गोठा बघितलाच नाही."

क्लेमेंट अंकलही काठी टेकत येऊन पोहोचले होते. त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, आता वाडी पेटते. "जुलियाना!" ते गरजले. "एक वाक्य दिलं होतं तुला. एक! तीस वर्षं गोठा केला मी, उंट अडकला, पाणी उडालं, पण परीक्षक बाळ न बघता कधी गेले नाहीत!"

मावशी हात पुसत आली होती. तिचे डोळे भरले. "मी म्हटलं वाक्य," ती म्हणाली. "नीट म्हटलं. मग ती पोर बसू का म्हणाली. क्लेमेंट, माझं दार आहे ते. त्या दारातून मी कोणाला परत पाठवू?"

मी स्टॅनीकडे पाहिलं. त्याची एवढ्या वर्षांतली एकच संधी, आणि ती मावशीच्या चहात गेली होती. तो चिडेल, निदान रडेल असं मला वाटलं. तो उठला, कपड्यांवरचा पेंढा झटकला आणि मावशीसमोर जाऊन उभा राहिला.

"मावशी, कडी तू स्वतः काढलीस?"

"मग काय तू येणार होतास काढायला?"

स्टॅनी हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "दहा."

"काय?"

"दहापैकी दहा, प्रिस्का. लिहून ठेव."

मी कशाला लिहून ठेवते! पण मला इतका अभिमान वाटला की मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

अंकल शेडमध्ये गेले. त्यांच्या आईच्या वेळच्या मातीच्या मूर्ती होत्या त्या. त्यांनी बाळ उचललं, रुमालात गुंडाळलं आणि मावशीच्या घराकडे चालू लागले. "लोक इकडे येणार असतील," ते मागे न बघता म्हणाले, "तर बाळ तिकडे एकटं कशाला?" आणि तिच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर, गॅसच्या शेजारी, मिठाच्या बरणीला टेकवून त्यांनी ते ठेवलं.

बक्षीस धबधबेवाल्या दुसऱ्या गावाला मिळालं. आमच्या नावापुढे शेरा होता, गोठा पाहता आला नाही. पण दुसऱ्या दिवशी फुलपाड्याहून जितेशच्या बिल्डिंगमधली माणसं आली. मग नंदाखाल गावची आली. मावशी प्रत्येकाला आधी "जागा नाही" म्हणायची, आणि ती माणसं वळायच्या आत कडी काढायची. तिच्या नेवऱ्या संपल्या तशा आळीतल्या बायका डबे भरून आणू लागल्या. सहा जानेवारीच्या राजांच्या सणापर्यंत तिच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. मार्चमध्ये स्वप्नाला मुलगी झाली. पेढे घेऊन जितेश आला तेव्हा समोरच्या सेफ्टी डोअरने नाही, वाडीतल्या दाराने ठोठावून आला.

जूनमध्ये एरॉल आला आणि आईला घेऊन गेला. गुडघ्याचं ऑपरेशन, मग तिकडेच राहणं. मावशी फोनवर कुरकुरते की इथे दारावर कोणी येतच नाही. सेफ्टी डोअरला आता बाहेरून कुलूप आहे.

यंदाची बैठक परवा झाली. बैठकीला आम्ही तिघंच होतो. स्टॅनीने गोठ्याचं नाव काढलं नाही. फसलं तर गोठा कायमचा बंद अशी अट होती, आणि बक्षीस तर मिळालं नव्हतं. अंकलनेही विषय काढला नाही. चहा झाल्यावर ते उठले, हत्यारांच्या डब्यातून पेचकस घेतला आणि वाडीकडे निघाले. आम्ही मागे गेलो. तिसरं दार पावसात फुगलं होतं, पण उभं होतं. अंकलने बिजागऱ्यांना तेल घातलं. मग न वाकणारे गुडघे वाकवून त्यांनी कडीचे स्क्रू एकेक करून काढले.

"खुर्ची तशीच राहू दे," ते म्हणाले. "जुलियानाच्या जागी कोणाला बसवायचं नाही. ज्याने ठोठावलं त्याने ढकलावं आणि आत यावं. बाकी कुठली दारं कुठे लावायची ते तू सांग, स्टॅनी. तुझा गोठा आहे."

त्यांनी कडी स्टॅनीच्या हातात दिली. तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने ती शर्टाच्या खिशात ठेवली आणि अंकलना उठायला हात दिला.